कॉक्सी आलेल्या ब्रॉयलरला औषधासोबत प्रोबायोटिक, बीटेन, बी-कॉम्प्लेक्स दिलं तर आतडं लवकर सुधारतं का?

तुम्ही लिहिलंय की पक्षी २४ दिवसांचे आहेत, विष्ठेत रक्त दिसलं, पोस्टमॉर्टममध्ये कॉक्सी म्हणजे कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा रोग, निघाली, पाण्यातून त्यावरचं औषध ॲम्प्रोलियम चालू आहे आणि आता कोणीतरी हे सगळं एकदमच द्यायला सांगितलंय.

सगळ्यात आधी बी-कॉम्प्लेक्स थांबवा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. ॲम्प्रोलियमची रचना बी-१ म्हणजे थायमिनसारखी असते, परजीवी फसतो, थायमिन समजून तेच आत ओढतो आणि खरं थायमिन न मिळाल्यामुळे त्याची वाढ खुंटते. आपण वरून खरं थायमिन पाजलं की त्याची सोयच झाली. मी स्वतः हे करून बसलोय, एका बॅचला सकाळी औषध आणि संध्याकाळी 'पक्षी अशक्त होऊ नयेत' म्हणून बी-कॉम्प्लेक्स, असं तीन दिवस चाललं, मर काही थांबेना, शेवटी डॉक्टर आले, टाकीजवळची बाटली उचलून लेबल वाचलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. कोर्स संपल्यावर द्या की, तेव्हा त्याचा उपयोग होतो. आणि मल्टिव्हिटॅमिनच्या पुडीवर पण बी-१ लिहिलंय का बघून घ्या, बऱ्याच वेळा असतं.

आता मूळ प्रश्न. सप्लिमेंट कॉक्सीचं औषध नाही, ते काम औषधाचंच. पण कॉक्सी आतड्याच्या अस्तराच्या पेशींमध्ये शिरून वाढते आणि बाहेर पडताना पेशी फोडून जाते, म्हणजे औषधाने परजीवी आटोक्यात आला तरी सोललेलं अस्तर मागे राहतंच. तिथून प्रथिनं पाझरतात, चिकट स्राव वाढतो, आणि क्लॉस्ट्रिडियम जिवाणूला याहून चांगलं जेवण कुठे मिळणार, त्यामुळे कॉक्सीच्या मागोमाग नेक्रोटिक एंटेरायटिस, म्हणजे आतडं सडवणारा रोग, येतो तो असा. सप्लिमेंटचा खरा उपयोग इथे आहे, अस्तर भरून येईपर्यंत.

त्यातलं मला काय पटतं ते सांगतो. बीटेन चांगलं, ते पेशीतलं पाणी धरून ठेवतं, पाणचट हगवण लागलेल्या पक्ष्याला याचीच गरज असते. कोटेड ब्युटिरेट पण चांगलं, ब्युटिरेट हे आतड्याच्या पेशींचं इंधन आहे, फक्त कोटिंग नसेल तर पुढच्या भागातच शोषलं जातं आणि खालपर्यंत फारसं पोचत नाही. व्हिटॅमिन ए आणि के हे दोन मी रक्ती कॉक्सीत सोडत नाही, के रक्त गोठायला आणि ए अस्तर परत बनायला, शिवाय खराब आतड्यातून ए नीट शोषलंच जात नाही. प्रोबायोटिक द्या पण क्लोरीनच्या पाण्यातून देऊ नका हो, एका हाताने जिवाणू टाकायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे. अँटिबायोटिक चालू असेल तर तेही संपू द्या, मग सुरू करा. ओरेगॅनो तेल वगैरेचं बोलायचं तर थोडाफार फरक पडतो, पण आधीपासून फीडमध्ये असेल तर, रक्त दिसल्यावर बाटली उघडून काही होत नाही. लिव्हर टॉनिकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत.

पण कॉक्सी म्हणजे एकच रोग नाही, परजीवीच्या वेगवेगळ्या जाती आहेत, हे लक्षात घ्या. पोस्टमॉर्टममध्ये नेमकं काय दिसलं ते विचारा. शेवटच्या दोन आंधळ्या पिशव्या, सिका म्हणतात त्या, रक्ताने टम्म भरल्या असतील तर ती टेनेला जात. आतड्याच्या पहिल्या वेटोळ्यावर बाहेरूनच पांढऱ्या आडव्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, दिसल्या तर ॲसरव्हुलिना, यात रक्त दिसत नाही आणि मर फारशी होत नाही, नुसतं वजन अडकतं आणि एफसीआर (एक किलो वजनाला किती खाद्य लागतं ते) बिघडतो. मधल्या भागात नारिंगी चिकट स्राव असेल तर मॅक्झिमा, क्लॉस्ट्रिडियमला वाट करून देण्यात ही पुढे. बीटेन आणि ब्युटिरेटचा पैसा मला तरी या मागच्या दोघींमध्ये वसूल झालेला दिसला, टेनेलात औषध वेळेत मिळणं महत्त्वाचं.

आणि लिटर, म्हणजे शेडमधला तुसाचा थर! विष्ठेतून पडलेलं अंडं, म्हणजे ऊसिस्ट, लगेच रोग देत नाही, ओल, ऊब आणि हवा मिळाली की साधारण १ ते २ दिवसांत तयार होतं, मग ते खाल्लं की रोग. साध्या जंतुनाशकाला ते जुमानत नाही. मूठभर लिटर घट्ट दाबून बघा, गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, दाब सोडल्यावर हलकेच सुटलं तर ठीक. मी बघितलंय की पाण्याच्या निपलखालचा पट्टा ओला असतो आणि बाकी शेड कोरडी, आणि आपण 'लिटर चांगलंय' म्हणतो. तो पट्टा आजच काढून कोरडं तूस टाका, गळके निपल बदला, नाहीतर कितीही महाग सप्लिमेंट दिलं तरी पक्षी रोज नवी कॉक्सी खातोय.

पुढच्या बॅचला कॉक्सीची जिवंत लस द्यायचा विचार असेल तर फीडमधून कॉक्सीचं औषध काढायला सांगा, नाहीतर लसच मरते. आताच्या बॅचचा कोर्स संपल्यावर ४-५ दिवसांनी एखादा मेलेला किंवा मागे राहिलेला पक्षी उघडून आतडं परत बघा, आणि फोटो टाकलात तर मी बघून सांगतो.