आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत परराष्ट्र धोरण ठरवताना खरंच वापरले जातात का?

वापरले जातात, पण पुस्तक उघडून निर्णय घ्यावा तसे नाही. अधिकाऱ्यांच्या डोक्यात आधीच मुरलेल्या गृहीतकांच्या रूपाने. 1994 मध्ये अमेरिकी काँग्रेससमोरच्या वार्षिक भाषणात बिल क्लिंटन यांनी लोकशाही देश एकमेकांवर हल्ला करत नाहीत, असं सांगून लोकशाहीच्या प्रसाराचं समर्थन केलं. हा मुद्दा थेट विद्यापीठीय संशोधनातून आलेला. मात्र तिथे तो अटी-शर्तींसह मांडला जात होता, आणि भाषणात उरलं ते एक वाक्य! सिद्धांत धोरणात शिरतो तो बहुधा असाच, अटी गाळून.

उलट उदाहरणही पाहा. सप्टेंबर 2002 मध्ये 33 अभ्यासकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही, असं बजावलं. त्यांत जॉन मिअरशायमर, केनेथ वॉल्ट्झ अशी वास्तववादी परंपरेतली, म्हणजे देश मुख्यतः सत्ता आणि सुरक्षितता पाहून वागतात असं मानणारी, मोठी नावं होती. तरीही मार्च 2003 मध्ये युद्ध सुरू झालंच. या विषयातलं हे मला सर्वांत बोचणारं उदाहरण वाटतं, कारण सल्ला वेळेवर आणि सोप्या भाषेत दिला होता. निर्णयकर्त्यांचा कल आधीच ठरलेला असेल, तर चांगला युक्तिवादही बाहेरच राहतो.

एक अपवाद मात्र ठळक आहे: अण्वस्त्रं. दोन्ही बाजूंकडे अण्वस्त्रं असलेल्या युद्धाचा अनुभव कुणालाच नव्हता, त्यामुळे शीतयुद्धात धाक (प्रतिहल्ल्याच्या भीतीने शत्रूला रोखणं) आणि शस्त्रनियंत्रणाचा विचार करताना थॉमस शेलिंगसारख्या अभ्यासकांच्या मांडणीला सरकारी वर्तुळातही वजन होतं.