मुलांना घरच्या घरी पेन्टेकॉस्ट आणि आरंभीची मंडळी कशी शिकवावी?

ताई, आपल्या सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना नाताळ आणि ईस्टर चांगले ठाऊक आहेत, पण पेन्टेकॉस्टचे, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या सणाचे, नाव काढले की ती गोंधळतात, राहत्या गावी मराठी उपासना नाही, संडेस्कूल नाही, आणि धाकट्याने तर "पवित्र आत्मा म्हणजे भूत का?" असे विचारले, असे आपण लिहिले आहे. मी अहिल्यानगरच्या एका मंडळीत (चर्चमध्ये) बारा वर्षे संडेस्कूलचा वर्ग घेत आले आहे आणि माझी दोन मुलेही याच वयातून गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आरंभ धाकट्याच्या प्रश्नापासूनच करावा, कारण तो प्रश्न अगदी रास्त आहे. मराठी मुलाच्या कानावर 'आत्मा' हा शब्द बहुधा पिंपळावरच्या गोष्टींतून किंवा टीव्हीवरच्या मालिकांतून पडलेला असतो, आणि तिथे तो भटकणारा, घाबरवणारा असतो. त्याला नुसते "नाही रे, तसे नसते" असे म्हटल्याने भीती जात नाही. जुन्या करारात आत्म्यासाठी 'रुआख' हा इब्री (हिब्रू) शब्द येतो आणि नव्या करारात 'प्न्यूमा' हा ग्रीक शब्द येतो. वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ या दोन्ही शब्दांत एकत्र नांदतात. मी मुलांना तळहात तोंडासमोर धरून हळूच श्वास सोडायला सांगते. ऊब लागते, पण काही दिसत नाही. मग उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला ते सांगते, आणि पुनरुत्थान झालेल्या येशूने बंद दारांआड बसलेल्या शिष्यांवर फुंकर घालून "पवित्र आत्मा घ्या" असे म्हटले तेही सांगते. ज्याच्यामुळे आपण जिवंत आहोत, तो देवाचा श्वास. त्याला भ्यायचे कशाला, हे मुलाला स्वतःच्या तळहातावर कळते.

दुसरी गोष्ट दिवसांच्या मोजणीची. पेन्टेकॉस्ट या ग्रीक शब्दाचा अर्थच 'पन्नासावा', आणि हा मुळात यहूदी लोकांचा गव्हाच्या हंगामाचा सण आहे. सात आठवडे मोजून, नव्या पिठाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी देवापुढे आणाव्यात असे जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि कोकणातून पसरलेल्या आपल्या बेने इस्राएल समाजासह जगभरचे यहूदी आजही हा सण पाळतात. ईस्टरच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फळीवर एक रिकामी बरणी ठेवा आणि मुलांना रोज एक गव्हाचा दाणा टाकू द्या. ईस्टरचा दिवस पहिला धरला की पन्नासावा दाणा बरोबर पेन्टेकॉस्टच्या रविवारी पडतो. 2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला आणि पेन्टेकॉस्ट 24 मे रोजी येतो. आमच्या धाकटीला एकोणपन्नासाव्या रात्री झोप लागत नसे. पन्नास दाण्यांची काही भाकरी होत नाही, म्हणून ते दाणे खलबत्त्यात कुटून कणकेत मिसळावेत आणि यीस्ट घालून दोन छोटे पाव भाजावेत. पीठ फुगताना मुलांना पाहू द्यावे. येथेच एक काळजी घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे: येशू, त्याची आई, प्रेषित आणि त्या दिवशी एकत्र जमलेले सारे शिष्य यहूदीच होते, हे मुलांना आरंभीच सांगावे, म्हणजे पुढे सुळावर देण्याची कथा ऐकताना त्यांच्या मनात एका समाजाविषयी द्वेष रुजणार नाही.

आता मुख्य कथा. ती नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. त्याचा दुसरा अध्याय पहिल्या वचनापासून एक्केचाळिसाव्या वचनापर्यंत मोठ्याने वाचायला फार वेळ लागत नाही. तो वाचावाच, केवळ सांगू नये. आपल्याकडे हा सण ऐन वळवाच्या दिवसांत येतो. दुपारी खिडक्या आपटू लागतात, वाळत घातलेले कपडे उडतात, अंगणात धुळीची भोवरी उठते. त्या वेळी पुस्तक उघडून 'सुसाट्याचा वारा' हे शब्द वाचले की निराळे स्पष्टीकरण लागत नाही. मात्र शिष्य जमले होते त्या घरात वारा नव्हता, वाऱ्यासारखा नाद होता, आणि अग्नी नव्हता, अग्नीच्यासारख्या जिभा होत्या, हे बारकावे मोठ्या मुलाला दाखवावेत. नऊ वर्षांच्या मुलाला असा फरक स्वतः शोधून काढायला फार आवडतो.

पण वारा आणि जाळ यांवरच बहुतेक पाठ संपतात, आणि मला वाटते की तिथे या दिवसाचा गाभा हातून निसटतो. त्या सकाळी यरुशलेमेत पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेम्यातले, मिसरातले, लिबियातले, रोमहून आलेले, क्रेतचे आणि अरब लोक जमले होते, म्हणजे आजचे इराण, इराक, इजिप्त, लिबिया, इटली असा सारा नकाशा आपण जमिनीवर पसरू शकतो; आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला देवाची महत्कृत्ये आपापल्या जन्मभाषेत ऐकू आली. देवाने सर्वांना एक भाषा शिकवली नाही, प्रत्येकाच्या घरची भाषा वापरली. आम्ही एकदा घरी पाच जणांनी "देव आपल्यावर प्रेम करतो" हे वाक्य एकाच वेळी निरनिराळ्या भाषांत म्हटले: शेजारच्या काकूंनी तेलुगूत, माझ्या भावाने हिंदीत, नवऱ्याने इंग्रजीत, मी मराठीत आणि धुळ्याच्या सासूबाईंनी अहिराणीत. डोळे मिटून मधोमध बसलेली माझी मुलगी त्या गलक्यात सरळ आजीकडे वळली. "मला आजीचंच ऐकू आलं," ती म्हणाली. परदेशात किंवा परप्रांतात वाढणाऱ्या मुलांसाठी हा खेळ विशेष मोलाचा आहे, कारण घरात बोलली जाणारी मराठी देवालाही चालते, हे त्यांना त्यातून कळते.

याच धाग्यावर येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट सांगावी. लोक विचारतात, "हे बोलणारे सर्व गालीली ना?" गालीली माणूस बोलीवरून ओळखू येत असे. येशूला धरले त्या रात्री, महायाजकाच्या वाड्यात, "तुझ्या बोलण्यावरून तू कळून येतोस" असे लोक पेत्राला म्हणाले होते आणि त्याने शपथ वाहून येशूला ओळखत नसल्याचे सांगितले होते. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच त्याच बोलीत, त्याच शहरात, हजारो लोकांसमोर तो उभा राहतो आणि "सकाळचे नऊच वाजले आहेत, हे लोक मद्य प्यालेले नाहीत" अशी भाषणाला सुरुवात करतो. मुले येथे हसतात, हसू द्यावे. मग विचारावे, या माणसात काय बदलले? वर्गात बोलायला घाबरणाऱ्या मुलाला पवित्र आत्म्याचे कार्य एवढ्या एका प्रश्नातून समजते.

नऊ वर्षांच्या मुलाला आपल्या महाराष्ट्रातला एक दुवाही सांगता येईल. दौंड तालुक्यातल्या केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये, 1905 साली प्रार्थना करणाऱ्या मुलींमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. त्यांतल्या कितीतरी मुली दुष्काळातून वाचलेल्या होत्या. त्याच रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले.

कागदी ज्वालांचे मुकुट, लाल कपडे, मंडळीच्या वाढदिवसाचा केक हे सारे आनंदाने करावे, पण कथा सांगून झाल्यावर. कबुतराचे चित्र मात्र या दिवशी नको. कबुतर येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळचे आहे, या अध्यायात ते नाही. अन्य भाषांत बोलण्याच्या वरदानाविषयी मंडळ्यामंडळ्यांत निरनिराळी शिकवण आहे, तेव्हा आपल्या मंडळीची शिकवण सांगावी आणि लहान मुलाकडून तशी अपेक्षा करू नये.

आरंभीच्या मंडळीसाठी पुढच्या रविवारांचे रात्रीचे जेवण राखून ठेवावे. ते लोक घरोघरी भाकर मोडत असत, म्हणून संडेस्कूल नाही याचे आपण फार दुःख करू नये. जेवणाची पंगत हीच त्या काळची जागा होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातले भांडण अवश्य सांगावे: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जात होते, तक्रार झाली, आणि त्या कामासाठी निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडच्याच माणसांच्या हाती वाटप दिले गेले असे दिसते. घरात भाऊबहिणींची वाटणीवरून रोज कुरबुर चालते, त्यामुळे ही कथा त्यांना चटकन उमगते. यापोची तबीथा, जिने शिवलेले अंगरखे ती मेल्यावर विधवा रडत रडत पेत्राला दाखवतात, तीही सांगावी. पैशांबाबत खोटे बोलून मरण पावलेले हनन्या-सप्पीरा हे जोडपे आणि स्तेफनावरची दगडफेक सहा वर्षांच्या मुलासाठी एकदोन वर्षे मागे ठेवली तरी चालेल.

बाराव्या अध्यायातली रुदा मात्र पहिल्याच रविवारी घ्यावी. पेत्र तुरुंगातून सुटून रात्री मार्क म्हटलेल्या योहानाच्या आईच्या घरी येतो. आत लोक त्याच्यासाठीच प्रार्थना करीत आहेत. दार ठोकल्यावर रुदा येते, आवाज ओळखते, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते. घरातली मंडळी तिलाच वेडी म्हणतात. हे नाटक करायला एक दार पुरते. आमच्याकडे पेत्र होण्यासाठी भांडण होत असे, कारण पेत्राला बाहेर उभे राहून, आतले लोक खात्री करून घेईपर्यंत, दार ठोकीतच राहायचे असते.