सुनेच्या आजोळचा फ्रेंच मूळपुरुष

प्रश्न : माझी सून मॉरिशसची. वडिलांकडून मराठी, आईकडून क्रेओल, म्हणजे आफ्रिकी-युरोपीय मिश्र वंशाची. तिच्या आजोळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, की इंग्रज येण्याआधी फ्लाक भागात आपल्या एका फ्रेंच पूर्वजाची मोठी जमीन होती. आजीच्या पेटीत एका जुन्या नोंदीची नक्कल निघाली आहे. तारीख '9 प्रेरियाल, वर्ष 11' आणि त्याच्या नावापुढे 'आबितां' असा शब्द. दिवाळीनंतर नातवंड यायचंय, त्याआधी वंशवृक्ष करावा असं आम्हा दोघींच्या मनात आहे. त्याच्या आडनावात 'द' असल्यामुळे कुणी म्हणतं ते उमराव घराणं. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, सुरुवात तुमच्या हातातल्या कागदापासूनच करू, त्यात बरंच काही आहे.

राज्यक्रांतीनंतर फ्रेंचांनी स्वतःची कालगणना सुरू केली होती, ती 1805 अखेरपर्यंत चालली. त्यातलं 11वं वर्ष 23 सप्टेंबर 1802 ला सुरू झालं. प्रेरियाल हा नववा, कुरणांचा महिना. म्हणजे तुमची तारीख 29 मे 1803. इंग्रजांनी बेट घेतलं डिसेंबर 1810 मध्ये. घरच्या सांगण्याला कागदाची साक्ष मिळाली की!

आता 'आबितां'. शब्दकोशात अर्थ सापडेल 'रहिवासी'. तो इथे चालणार नाही. त्या काळच्या वसाहतींच्या दप्तरात आबितां म्हणजे जमीनवाला, इस्टेटीचा धनी. आपल्याकडचा 'मालगुजार' आठवा. अर्थ पाहिला तर सारा भरणारा, पण भंडाऱ्याकडे मालगुजार म्हटलं की वाडा आणि मामा तलाव डोळ्यांसमोर उभे राहतात. तसंच हे.

आडनावातला 'द' म्हणजे 'अमक्या ठिकाणचा'. उमरावपणासाठी त्यावर मात्र विसंबू नका. एकाच बापाची मुलं ओळख वेगळी राहावी म्हणून नावापुढे 'द' जोडून आपापल्या जमिनीचं नाव लावत. त्यामुळे सख्खे भाऊ कागदावर परके वाटतात. शोधताना 'द'च्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही नावं वेगवेगळी टाकून पाहा.

1776 मध्ये फ्रेंच राजानं हुकूम काढला, की वसाहतींतल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींची एक प्रत व्हर्सायला पाठवायची. वाळवी-वादळांतून ती प्रत वाचली. आज हे दप्तर फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांस इथल्या समुद्रपार वसाहतींच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्यातल्या पुष्कळ वह्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात. फ्लाकच्या वह्यांत आधी लग्नाची नोंद शोधा. वधूवरांच्या आईवडिलांची नावं तिथे असतात, आणि वर फ्रान्सहून आलेला असेल तर बहुधा त्याचं मूळ गावही. ते गाव मिळालं की पुढचा शोध त्या जिल्ह्याच्या दप्तरात.

आणि शोध बाईच्या नावानंही करा, हे मी आग्रहानं सांगते. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या चोपडीत मी माझी पणजी शोधली होती. अमक्याची भार्या, सासरचं नाव, संपलं. तिचं माहेर मला आजतागायत सापडलेलं नाही. फ्रेंच नोंदीत बाई मरेपर्यंत माहेरच्याच आडनावानं लिहिली जाते. जमीन विकली जाते, 'द' बदलतो, तिचं नाव तेच राहतं.

पण लग्नाची नोंद मिळालीच नाही तर? तर निराश होऊ नका, आणि तिथे थांबूही नका. 1723 च्या राजाज्ञेनं या बेटांवर गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी घातली होती. क्रेओल घरातली मूळ आई गुलाम किंवा मुक्त झालेली बाई असण्याचा खूप संभव आहे. मुलाच्या नोंदीत मग बाप नसतो, आई असते, तीही नुसत्या पहिल्या नावानं. गुलामाला मुक्त केल्याचे दस्त नोटरींच्या कागदांत मिळतात. शिवाय इंग्रजांनी 1817 पासून मॉरिशसमधल्या गुलामांच्या याद्या केल्या, त्या लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एका मैत्रिणीसाठी मी तशी एक यादी वाचली. वर मालकाचं नाव, वळणदार अक्षरात. खाली ओळीनं माणसं. एका ओळीत एक नाव, वय 24, जन्मठिकाण मलबार. पुढे काही नाही. त्या ओळीवर बोट ठेवून मी कितीतरी वेळ बसले होते. मोझांबिक, मादागास्करबरोबर आपल्या देशातूनही माणसं तिथे विकली गेली होती.

अशी ओळ तुमच्या वृक्षात निघाली, तर तिला जमीनदाराइतकीच जागा द्या. नातवंड तिचंही आहे.

व्याह्यांकडची मराठी बाजू त्या मानानं सोपी. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर मजुरीला नेलेल्या माणसांच्या, नोंदवह्या मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. गावांची नावं कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिलेली असतात, म्हणून ती मोठ्यानं वाचून पाहा.

आजी आहेत तोवर त्यांना फोन लावा. आईचं, आजीचं पहिलं नाव काय, बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला, एवढं विचारा आणि बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. नकलेचा फोटो मला पाठवाल तेव्हा मागच्या बाजूचाही पाठवा. नक्कल कुठल्या कचेरीनं कधी दिली, तो शिक्का बहुतेक तिथेच असेल.