रिपोर्ट नॉर्मल, मग मांड्या का भरून येतात?

“सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग हा नाटक करतोय का?” आनुवंशिक आजारांच्या समुपदेशनात हा प्रश्न सारखा कानावर येतो. त्यातलंच हे एक कुटुंब. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा विशीतला, पोलीस भरतीची तयारी करणारा. वडील वैतागलेले. “शंभर मीटरला पहिला येतो. गडावर न्या, तासाभरात मांड्या धरून बसतो. आळस, दुसरं काय?”

मी मुलालाच विचारलं, “त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतंस?”

“एकादशी होती. काहीच नाही.”

“आणि नंतर लघवीचा रंग?”

आईकडे बघत तो अडखळला. “कोऱ्या चहासारखा. दोन दिवस. कुणाला बोललो नाही.”

माझ्या दृष्टीने निदान तिथेच दिसू लागलं. छोट्या धावेला स्नायू स्वतःतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वापरतात. श्रम लांबले किंवा पोट रिकामं असलं की भिस्त चरबीवर. चरबीतली लांब साखळीची फॅटी अ‍ॅसिड्स कार्निटिन या वाहक रेणूला जोडून मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, शिरतात. आतल्या पडद्यापाशी त्यांना कार्निटिनपासून सोडवतं ते सीपीटी-२ हे एन्झाइम. ते कमी पडलं की ही न सुटलेली जोडी, म्हणजे अ‍ॅसिलकार्निटिन साचतं, एटीपी हे पेशीचं इंधन अपुरं पडतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायूंचे तंतू फुटतात. मग त्यांतलं सीके हे एन्झाइम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतात. मायोग्लोबिनमुळे लघवी काळवंडते, मूत्रपिंडही निकामी होऊ शकतं. दोन झटक्यांच्या मधे मात्र सीके बहुधा नॉर्मल. यांनी रक्त तपासलं होतं तीन आठवड्यांनी!

अ‍ॅसिलकार्निटिन प्रोफाइल (रक्तातल्या या जोड्यांची तपासणी) आणि जनुक तपासणीने सीपीटी-२ चा दोष पक्का झाला.

वडील बराच वेळ गप्प होते. “उपाशीपोटी पळालं की चरबी जळते म्हणतात. म्हणून मीच त्याला तसं पळवायचो.”

“त्याची तीच तर जळत नाही,” मी म्हटलं. मुलगा पहिल्यांदा हसला.

मी नियम नंतर सांगते, आधी स्नायूत काय घडतं ते. ‘आळशी’ हा शिक्का त्यानेच पुसला जातो, आणि पथ्यासाठी मागे लागावं लागत नाही.

पथ्य असं: उपास बंद. श्रमाआधी आणि मधे भात, पोळी, केळं असं पिष्टमय खाणं. दुखायला लागताच थांबायचं. ‘सवय होईल’ म्हणून रेटायचं नाही. ताप आणि कडाक्याची थंडीही झटका आणते. तापात जेवण जात नसेल तर रुग्णालयात डेक्स्ट्रोजचं सलाईन लागतं. लघवी गडद दिसली की त्याच दिवशी रक्तात सीके, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासायचं. भूल देण्याआधी भूलतज्ज्ञाला निदान सांगायचंच. धाकट्या बहिणीलाही हा दोष असण्याची शक्यता 25 टक्के, म्हणून तिचीही तपासणी सुचवली.

“भरतीचं काय?” त्याने विचारलं. 1600 मीटर तो काढेलही. अडचण पुढच्या प्रशिक्षणाची, तासन्‌तासांच्या कवायतीची. तेवढं मी स्पष्ट सांगितलं, आणि न्यूरॉलॉजिस्टकडच्या भेटीत हा प्रश्न त्यालाच मांडायला लावला.