ओढ्याला पूर येतो, तर फक्त आमच्या सोसायटीजवळ संरक्षक भिंत बांधून भागेल का?

नाही. भिंतीने तुमचा पूर फार तर खालच्या वस्तीत जाईल. पुण्याचा आंबिल ओढा बघा: पाणी कात्रजच्या डोंगरावरून येतं, सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतं. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री तो फुटला, तेव्हा त्याने वॉर्डाची हद्द विचारली नाही. म्हणून नकाशा पाणलोटाचा हवा, म्हणजे ज्या भागातलं पाणी ओढ्यात उतरतं त्या सगळ्या भागाचा. वर समतल चर (पाणी अडवून मुरवायला उतारावर एकाच पातळीत आडवे खणलेले), तळ्यांतला गाळ काढणं. मध्ये बुजलेले नाले आणि रस्त्याखालच्या अरुंद मोऱ्या मोकळ्या करणं. आणि पाणी कुठवर चढलं होतं, ते काठावरच्या जुन्या रहिवाशांनाच विचारा, भिंतीवरची खूणसुद्धा दाखवतील. बैठकीला वरचे-खालचे दोघेही बोलवा. (भांडणं होतील, होऊ द्या.)