इंजिन थांबलं तर शेत कुठलं?

चि.,
अनेक आशीर्वाद.

शिरपूर-धुळे पट्ट्यात सोलोवर (एकट्याने विमान उडवत) असताना इंजिनाने दगा दिला तर काय करायचं, असं विचारलंस. चेकलिस्ट तुला पाठ आहे. घोळ होतो तो क्रमात.

पहिलं काम, नाक खाली. इंजिन गप्प झालं की हात नकळत योक (विमानाचं हँडल) मागे ओढतो, वेग पडतो, आणि जमिनीजवळ स्टॉल झाला (पंखांची उचल संपली) तर सावरायला उंची उरत नाही. सेस्ना १७२ एसचा ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगत उतरायचा) वेग पूर्ण वजनाला ६८ नॉट (ताशी नॉटिकल मैल). तो धर, ट्रिम लाव, म्हणजे योक सतत दाबून धरावा लागणार नाही. वारा नसेल तर हजार फुटांत साधारण दीड नॉटिकल मैल मिळतात, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आसपास. पण आल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि इथली जमीनच काही शे फुटांवर आहे. ते वजा केल्याशिवाय हिशोब करू नकोस. वळणातही उंची जाते.

आधी शेत ठरव, मग इंजिनाकडे बघ. फ्युएल शटऑफ (इंधन तोडायची कळ) पूर्ण आत, सिलेक्टर बोथवर (दोन्ही टाक्यांवर), पंप ऑन, मिक्श्चर (हवेतलं इंधनाचं प्रमाण) रिच, मॅग्नेटो (ठिणगी देणारे) बोथवर. कार्ब्युरेटरचं विमान असेल तर कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) लगेच ओढ, कारण ती ऊब एक्झॉस्टमधून येते आणि बंद इंजिन झपाट्याने थंड होतं. पावसाळी दमट हवेत, कमी पॉवरवर, पंचवीस अंशांतही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. हीट दिल्यावर इंजिन आधी जास्तच खडखडतं, बर्फाचं पाणी आत जातं म्हणून. घाबरून ती परत बंद करू नकोस.

पूर्ण बंद पडण्यापेक्षा अर्धवट चालणारं इंजिन मला जास्त वाईट वाटतं, कारण ते आशा लावतं. ऑइल प्रेशर उतरतंय आणि टेम्परेचर चढतंय, तर ते इंजिन थोड्या वेळाचं सोबती. धावपट्टी गाठण्याच्या नादात चांगली शेतं मागे टाकू नकोस. टेकऑफनंतर कमी उंचीवर बंद पडलं तर मागे वळायचंच नाही. समोर, दोन्ही बाजूंना तीसेक अंशांत जे मिळेल ते.

आता शेत. मार्चमध्ये हरभरा-गहू काढलेलं रान सगळ्यात बरं. मेमध्ये नांगरटीची ढेकळं असतात. पावसात काळी माती चाकाला गच्च धरते, नाकाचं चाक रुततं आणि विमान उलथतं. म्हणून मुख्य चाकं आधी टेकव आणि योक पोटाशी धरून ठेव. कपाशीत सरीच्या दिशेनेच उतर, थोडा क्रॉसविंड (आडवा वारा) सोसून. रावेर-यावल-चोपड्याकडची केळी वरून गालिचासारखी दिसते. तिच्यावर उतरायची पाळी आलीच तर शेंड्यांनाच जमीन समज, पूर्ण फ्लॅप (पंखांमागच्या झडपा), कमीत कमी वेग. वरून तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांबांमध्ये तार आहेच असं धर. पंपाच्या खोलीपर्यंत गेलेली लाइनसुद्धा. आणि विहिरी! बिनकठड्याची विहीर फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) येईपर्यंत कळत नाही, पण झाडाशेजारी गोल काळा डाग दिसला की ते शेत सोड.

वेळ असेल तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर मेडे (मदतीची हाक), ट्रान्सपॉन्डरवर (रडारला ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा आणीबाणीचा कोड. शेत हातात आल्याची खात्री झाली की मिक्श्चर बंद, इंधन बंद, मॅग्नेटो ऑफ. फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून ते पूर्ण लावून झाल्यावरच मास्टर (विजेचा मुख्य स्विच) ऑफ. टेकण्याआधी दार उघडून ठेव. सांगाडा वाकला की दार अडकतं.

बाहेर पडलास की विमानापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा आणि ११२ लाव. दहा मिनिटांत अर्धं गाव जमेल. कोणी बिडी पेटवणार नाही आणि कोणी पत्रा हलवणार नाही, हे पोलीस पाटलांकरवी बघ. चौकशीवाले येईपर्यंत अवशेष जागचे हलवायचे नसतात.

तुझा,
काका