रेवदंड्याच्या बेने इस्राएल घराण्याचा शोध: सुरुवात कबरीपासून करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्या आजीचं माहेर रेवदंड्याकडचं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातलं. पणजोबा एझ्रा मुंबईत १९३०च्या सुमारास वारले, पणजी रिबकाबाई त्यांच्या मागून काही वर्षांनी. आडनाव घरात कुणी 'चेऊलकर' सांगतं, कुणी 'डेव्हिड'. पणजोबांचा जन्मदाखला मागायला गेलात, तिथे हात हलवत परत आलात. वरळीच्या कबरस्तानात त्यांची म्हणून एक कबर दाखवली गेली आहे, पण दगडावरचं हिब्रू वाचता येत नाही. आता पुढे काय करायचं?

जन्मदाखल्याचा नाद तूर्त सोडा. मृत्यूपासून मागे या.

त्याला कारण आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा १८८६चा कायदा मुळात ऐच्छिक नोंदणीचा होता. देशभर सक्ती आली ती १९६९च्या कायद्याने. त्याआधी कोकणातल्या घरी, सुइणीच्या हातून झालेल्या बाळंतपणाची नोंद होईलच याची खात्री नव्हती. मृत्यूचं तसं नव्हतं. मुंबईसारख्या शहरात प्रेत पुरायचं तर जागा लागायची, परवानगी लागायची, कबरस्तानाच्या वहीत नाव चढायचं आणि मागाहून घरचे दगड बसवायचे. एकाच घटनेचे निरनिराळ्या हातांनी लिहिलेले दोन-तीन पुरावे राहतात, आणि ते एकमेकांशी ताडून पाहता येतात. जन्माच्या बाबतीत ही सोय क्वचितच मिळते.

आधी आडनावाचा घोळ मिटवू. 'चेऊलकर' आणि 'डेव्हिड' ही दोन्ही खरी असू शकतात. बेने इस्राएलांची आडनावं गावावरून पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, राजपूरकर. पण मुंबईत फौजेत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत नोकरी धरली तेव्हा पुष्कळांनी कागदोपत्री बापाचं नावच शेवटी लावलं. त्यामुळे एझ्रा डेव्हिड म्हणजे डेव्हिडचा मुलगा एझ्रा. त्याचा मुलगा सॅम्युएल असेल तर तो कागदावर 'सॅम्युएल एझ्रा' होतो, म्हणजे दोन पिढ्यांत 'डेव्हिड' गायबच. म्हणून या समाजाचा शोध आडनावाने घेऊ नका. माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव अशी तिहेरी जोडी धरून शोधा. नावांचीही दोन रूपं असायची. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनास्थळ) १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर मराठीत सामाजी हसाजी होते. अब्राहमचा अबाजी, मोझेसचा मुसाजी. तुमच्या डेव्हिडचंही गावाकडे असंच मराठी वळणाचं नाव असेल हे गृहीत धरून चला.

आता दगड. घाई करू नका, इथेच सगळ्यात जास्त मिळतं.

या कबरींवर बऱ्याचदा हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा असतात. एकीचा मजकूर म्हणजे दुसरीचं भाषांतर असं समजू नका. मराठी ओळीत माणूस ज्या नावाने ओळखला जायचा ते नाव येतं. इंग्रजीत हुद्दा, पलटण, खातं. हिब्रूत बापाचं नाव, कारण प्रार्थनेत माणसाला 'अमुक बेन तमुक' असंच पुकारतात. तिन्ही भाषा वेगवेगळ्या उतरवून घ्या, एकत्र करू नका.

हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचायचं. वर बहुधा 'पे' आणि 'नून' ही दोन अक्षरं दिसतील, म्हणजे 'येथे पुरले आहे'. अगदी खाली पाच अक्षरं असतील: ताव, नून, साधे, बेथ, हे. तो मृतासाठीचा आशीर्वाद, त्यात माहिती काही नाही. मधल्या ओळींत 'बेन' म्हणजे मुलगा आणि 'बाथ' म्हणजे मुलगी, हे दोन शब्द शोधा. त्यांच्या पुढचं नाव बापाचं. तुमच्या दगडावर 'एझ्रा बेन दाविद' निघालं तर आडनावाचा प्रश्न तिथेच सुटला.

मग तारीख. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते आणि सालातले हजार सहसा लिहीत नाहीत. समजा सालाच्या जागी ताव, रेश, साधे आहे: ४०० अधिक २०० अधिक ९०, म्हणजे ६९०, म्हणजे ५६९०. यातून ३७६० वजा करा, १९३० येतं, असं बहुतेक जण सांगतात. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी ३७६१ वजा करायचे. ५६९० हे वर्ष ५ ऑक्टोबर १९२९ला सुरू झालं, तेव्हा किसलेव महिन्यातला (साधारण नोव्हेंबर-डिसेंबर) मृत्यू १९२९चा. तुम्ही महापालिकेत १९३०चं रजिस्टर काढायला लावलंत तर नोंद सापडणारच नाही, आणि हातात पडेल तो 'नोंद आढळत नाही' असा दाखला.

हेच उदाहरण पुढे नेते. समजा दगडावर १२ किसलेव ५६९० आहे. संगणकावर रूपांतर केलंत तर १४ डिसेंबर १९२९, शनिवार, असं उत्तर येईल. पण यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. माणूस शुक्रवारी १३ तारखेला रात्री नऊ वाजता गेला असेल, तर हिब्रू तारीख १२ किसलेवच पडते आणि महापालिकेच्या वहीत १३ डिसेंबर. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, दफन होत नाही, म्हणून कबरस्तानाच्या वहीत १५ डिसेंबर, रविवार. तीन ठिकाणी तीन तारखा, आणि तिन्ही बरोबर! अशी तफावत दिसली की लोक 'हा दुसराच कुणी एझ्रा' म्हणून चांगली नोंद टाकून देतात. तसं करू नका. उलट तफावत अशी नेमकी जुळली तर मृत्यू शुक्रवारी सूर्यास्तानंतर झाला हेसुद्धा कळतं.

झिजलेल्या दगडावर काही अक्षरं हमखास फसवतात. 'हे' म्हणजे ५ आणि 'हेथ' म्हणजे ८, फरक फक्त एका कोपऱ्यातल्या फटीचा. 'बेथ' २ आणि 'काफ' २०. 'दालेथ' ४ आणि 'रेश' २००. पंधरा आणि सोळा हे आकडे दहा-पाच, दहा-सहा असे न लिहिता नऊ-सहा आणि नऊ-सात असे लिहितात, तेही लक्षात असू द्या. शंका असेल तर दोन्ही वाचनं लिहून ठेवा आणि दोन्ही सालांची रजिस्टरं पाहा.

फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढा, बाजूने ऊन पडलं की कोरीव अक्षर उठून दिसतं. दगडावर खडू, पीठ, दाढीचा फेस, तारेचा ब्रश यांतलं काहीही लावू नका, ही हात जोडून विनंती. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. कोकणच्या पावसाने आधीच पुष्कळ नेलंय; उरलेलं आपल्या उत्साहापायी जायला नको. शेजारच्या कबरींचेही फोटो घ्या. नवरा-बायको, भाऊ-भाऊ जवळजवळ असण्याची शक्यता असते.

आणि पणजोबांची कबर वाचून झाली की थांबू नका, रिबकाबाईंची शोधा. माझ्या मते तुमच्या शोधात तीच जास्त मोलाची. सरकारी कागदात बाई 'अमक्याची बायको' किंवा 'विधवा' म्हणून येते आणि माहेर तिथेच पुसलं जातं. हिब्रू ओळीत मात्र ती 'बाथ' म्हणून, आपल्या बापाच्या नावाने उभी असते. पणजीच्या बापाचं नाव इतर कागदांत क्वचितच मिळतं, पण तिच्या दगडावर मिळू शकतं. मी ज्या घराण्यांच्या वंशावळी लावल्या, त्यांत आईकडची शाखा उघडली ती बहुतेक वेळा बाईच्या कबरीनेच.

कबरस्तानाबद्दल एक खुलासा. डॉ. ई. मोझेस मार्गावरचं वरळीचं कबरस्तान बेने इस्राएलांचं. चिंचपोकळीचं १८७८चं बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या, यहुद्यांचं. माझगावचंही एक जुनं होतं. कुणी 'मुंबईचं ज्यू सिमेटरी' एवढंच सांगितलं तर कुठलं ते विचारून घ्या. दगडावर आशीर्वाद देणारे दोन पंजे किंवा पाण्याचा कलश कोरलेला असेल तर ती कोहेन (पुरोहित) आणि लेवी (मंदिरसेवक) घराण्यांची खूण. बेने इस्राएलांत ही विभागणी परंपरेने नाही, तेव्हा ती कबर बहुधा बगदादी, कोचीनच्या किंवा युरोपातून आलेल्या कुटुंबाची समजावी.

तारीख हातात आली की महापालिका. मृत्यू ज्या हद्दीत झाला त्या वॉर्डाच्या आरोग्य खात्याकडे अर्ज करायचा, राहत्या घराच्या वॉर्डाकडे नव्हे. इस्पितळात गेले असतील तर इस्पितळाचा वॉर्ड. दाखला छापून देतात त्यात मोजकेच रकाने येतात, म्हणून मूळ रजिस्टरच्या पानाची नक्कल मागा. वय, पत्ता, धंदा, मृत्यूचं कारण हे तिथे असतं. वय अंदाजेच समजा, 'साठ' म्हणजे पंचावन्न ते पासष्ट. पत्ता मात्र सोन्यासारखा. चाळ आणि गल्ली कळली की जवळचं सिनेगॉग कुठलं ते कळतं: मांडवीचं शार हारहामीम, उमरखाडीचं एत्झ हायीम, आग्रीपाड्याचं मागेन हसिदीम. तिथल्या मुकादमांना (सिनेगॉगच्या प्रमुखांना), हझानना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) किंवा ट्रस्टींना पत्र लिहा. वर्गणीच्या आणि लग्नाच्या वह्या असतील तर त्यांच्याकडे. या खासगी विश्वस्त संस्था आहेत, माहितीच्या अधिकाराचा अर्ज तिथे चालत नाही. गोडीनेच मागावं लागतं, आणि शनिवारी फोन करू नये.

लग्नाचा मुख्य कागद म्हणजे केथुबा. तारीख, गाव, नवरा-नवरीची नावं आणि दोघांच्या बापांची नावं, सगळं एका कागदावर. तो बायकोच्या हक्काचा कागद, म्हणून तुमच्याकडे नसेल तर लेकींच्या, मावश्यांच्या ट्रंकेत पाहा. घरातली जुनी प्रार्थनेची पुस्तकंही उघडा, पुढच्या कोऱ्या पानावर जन्म आणि मृत्यू टिपलेले सापडतात.

गावाकडे जायचं ते याच्यानंतर. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, जुने कागद त्या नावाने मागा. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची वही आणि कोतवाल बुकं असतात, बरीचशी मोडीत. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने हेच अभिलेख राज्यभर बाहेर काढले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना काम आलं; त्याचा फायदा आपल्यालाही होतो. जातीच्या रकान्यात 'इस्राएल', 'यहुदी', 'शनवार तेली' किंवा नुसतं 'तेली' असू शकतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनवार तेली. नुसतं 'तेली' दिसलं तर लगेच हुरळू नका, कोकणात हिंदू तेलीही आहेत. नाव, बापाचं नाव आणि दगडावरची तारीख यांतलं काहीतरी जुळलंच पाहिजे. घराण्याची एखादी फांदी राजपुरी, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन इकडची निघाली तर तो मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. त्यांचं दफ्तर वेगळं, कुलाब्याच्या वह्यांत ते शोधून उपयोग नाही.

रेवदंड्याला गेलात तर १८४२चं बेथ एल सिनेगॉग पाहाच, पण गावातल्या जुन्या कबरींवर अक्षरं असतीलच अशी अपेक्षा ठेवू नका. नवगावला, जहाज फुटून आलेल्या पूर्वजांना जिथे पुरलं असं परंपरा सांगते, तिथेही नावं नाहीत. जाऊन नमस्कार करावा अशी ती जागा आहे, वंशावळ तिथे मिळत नाही.

कागद इथे संपले तरी माणसं बाहेर आहेत. १९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले: दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, रामला. तिथल्या दफन मंडळांपैकी, म्हणजे हेव्रा कदीशांपैकी, काहींच्या याद्या इंटरनेटवर नावाने शोधता येतात, आणि जुईशजेन या यहुदी वंशावळींच्या संकेतस्थळाच्या दफन नोंदवहीत जगभरच्या कबरी आहेत. शोधताना 'चेऊलकर'चे इंग्रजीत होतील तितके सगळे स्पेलिंग टाका, आणि 'डेव्हिड', 'एझ्रा' आडनाव म्हणूनही टाका. कुणी रेल्वेत किंवा फौजेत असेल तर कराचीचं मेवाशाह कबरस्तान विसरू नका, तिथेही बेने इस्राएलांच्या कबरी आहेत. ब्रिटिश लायब्ररीतल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी बहुतांशी ख्रिस्ती लोकांच्या, त्यात वेळ घालवू नका. डीएनए चाचणीचंही सांगते: पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झालेल्या समाजात लांबचं नातंही चाचणीत जवळचं दिसतं, तेव्हा तिथे 'सेकंड कझिन' लिहून आलं म्हणून झाडात जोडू नका.

दगडाचा फोटो इथे टाकाल तेव्हा पूर्ण दगडाचा एक, हिब्रू ओळींचा जवळून एक आणि तारखेच्या ओळीचा वेगळा एक असे टाका. हयात नातेवाइकांची नावं आणि पत्ते लिहू नका. हिब्रू मी वाचून देईन, साल दोन्ही पद्धतींनी काढून देईन. महापालिकेचा अर्ज त्यानंतरच भरा.